आधी काच, मग कागद

४ फेब्रुवारी

सापडला! म्हणजे बहुतेक सापडला. अजून नक्की काहीच नाही, पण आज माझ्या अंगात वारं शिरलंय.

दुपारी छातीच्या वॉर्डातून फोन – पाणी काढलंय, लगेच न्या, खाली पाठवायला माणूस नाही. एरवी मी तासभर कुरकुरले असते. पॅथॉलॉजी शिकणाऱ्या डॉक्टरने काय बाटल्या वाहायच्या? पण सकाळपासून मायक्रोस्कोपला डोळे लावून मान धरली होती, म्हणून गेले. खाटेवर सत्तरीतले एक काका. उजव्या कुशीत नळी, बाटलीत मधाच्या रंगाचं पाणी. फुफ्फुसाभोवती साठलेलं. काढलं की पुन्हा भरतं, म्हणे. दोन महिने टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि फरक शून्य.

शेजारी त्यांची मुलगी. शाळेची बस चालवते, गणवेशातच आली होती. "बाबांना टीबी नाही हे मी पहिल्यापासून सांगतेय," म्हणाली. "पण बसवालीचं ऐकतंय कोण."

बाटलीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता मी सहज विचारलं, काका, काम काय करायचात?

"गुंडाळायचो."

काय गुंडाळायचात?

"पाइप. वाफेचे, गरम पाण्याचे. पांढरा लगदा थापायचा आणि वरून कापडाची पट्टी आवळायची, म्हणजे ऊब आतल्या आत राहते. हात असा होता माझा की पट्टीला सुरकुती पडायची नाही."

आणि लगदा कशाचा?

"अ‍ॅस्बेस्टॉसचा. कोरडा असताना पिठासारखा उडायचा. डबा उघडला की भाकरीवर थर."

अ‍ॅस्बेस्टॉस!

मेसोथेलिओमा! फुफ्फुसाच्या अस्तराचा कर्करोग. अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासाबरोबर आत जातात, तीस-चाळीस वर्षं मुकाट पडून राहतात, आणि मग एक दिवस माणसाला जिना चढवेनासा होतो. परीक्षेत हमखास विचारतात. मी प्रत्यक्षात एकही पाहिलेला नाही. पळत खाली आले.

५ फेब्रुवारी

आमचे रंगारी – स्लाइड रंगवतात म्हणून रंगारी, सगळा विभाग त्यांना हेच म्हणतो – त्यांनी पाण्यातल्या पेशींच्या स्लाइड सकाळीच करून दिल्या. मी बघितल्या आणि खुर्चीतच उडी मारली. अस्तराच्या पेशी, ढिगाने! गुच्छच्या गुच्छ!

मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. त्यांचा एकच कायदा – आधी काच, मग कागद. स्लाइडबरोबर रुग्णाचा कागद येतो, त्यावर वय, काम, त्रास, वरच्या डॉक्टरांचा संशय, सगळं असतं. तो कागद मॅडम पालथा ठेवतात. आधी नुसती काच बघायची, काय दिसतं ते बोलायचं, मगच कागद उलटायचा. नाहीतर डोळे कागदाची चाकरी करायला लागतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी स्लाइड पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "तू कागद नाही, अख्खा माणूसच वाचून आलीस की."

मी कागद पालथा केला.

"छातीत पाणी साठलं, कशानेही साठलं, तरी अस्तराच्या पेशी चिडतात आणि अशाच वाढतात. चिडलेली पेशी आणि कर्करोगाची पेशी, दिसायला सख्ख्या बहिणी. पाण्यावरून नाही ठरणार. तुकडा हवा."

तुकड्यात काय बघायचं ते मला पाठ आहे. पेशी आपली जागा सोडून खालच्या चरबीत घुसल्यात का. चिडलेल्या पेशी घुसत नाहीत. कर्करोगाच्या घुसतात. इतकं सोपं! (मॅडमना "सोपं" म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठ्या.)

६ फेब्रुवारी

तुकडा कधी काढणार? छातीवाल्या सरांना तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाले, "अगं, छाती त्यांची आहे."

विभागात सगळे काकांना आता पट्टीकाका म्हणतात. मीच पाडलं नाव.

१० फेब्रुवारी

आज बघायला मिळालं! सरांनी आत उभं राहू दिलं.

फासळ्यांमध्ये बोटभर छेद, त्यातून दुर्बीण. जागा बधिर केलेली, काका अर्धवट झोपेत. पडद्यावर छातीची आतली बाजू दिसायला लागली. खरं तर अस्तर पातळ आणि चकचकीत असायला हवं, पलीकडच्या फासळ्या दिसाव्यात इतकं. इथे फासळ्या कुठेच नाहीत. पांढरट, जाड, मध्येच उंचवटे. सर स्वतःशीच म्हणाले, "लक्षण बरं नाही." त्यांनी चिमट्याने पाच-सहा तुकडे घेतले. तेवढ्यात काका झोपेतच पुटपुटले, "आत काही गुंडाळायचं राहिलंय का?" नर्सच्या हातातला ट्रे हलला, इतकी हसली.

बाहेर बसवाली ताई उभी. तुकड्यांची बाटली माझ्या हातात बघून जवळ आली. "तुम्ही स्वतः बघणार ना?"

हो म्हटलं.

"सर म्हणाले, नुसती सूज असली तर घरी जायचं. ते दुसरं असलं तर शिरेतून औषधं. त्या औषधांनी धडधाकट माणूससुद्धा आडवा होतो म्हणे. मग नीट बघा. उगाच आडवं नका करू त्यांना, आणि उगाच घरी पण नका पाठवू."

नीटच बघणार आहे. डोळ्यांत तेल घालून!

११ फेब्रुवारी

तुकडे मेणात. रंगारी म्हणतात उद्या सकाळी कापतील. मी म्हटलं आत्ता. ते म्हणाले, "मेण थंड झालं नाही तर तुमचा पट्टीकाका सुरीला चिकटेल." उद्या तर उद्या. झोप येणार नाहीये.

१२ फेब्रुवारी

आहे! आहे! आहे!

अस्तराचे जाड, दोऱ्यांसारखे तंतू, त्यांत लांबट पेशी, आणि खाली चरबीची पांढरी भोकं. (चरबी धुतली जाते म्हणून स्लाइडवर ती रिकाम्या भोकांसारखी दिसते.) आणि त्या भोकांच्या मधून मधून पेशी शिरलेल्या! घुसल्यात! चरबीत घुसल्यात!

मॅडम आज बाहेरगावी, परीक्षा घ्यायला. मला राहवेना. छातीवाल्या सरांना फोन केला – सर, मेसोथेलिओमा आहे. ते म्हणाले, "नक्की? घरच्यांना सांगू?" मी म्हटलं नक्की. आणि आईलाही फोन केला. आईला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "तुझा आवाज किती छान येतोय आज."

१३ फेब्रुवारी

मॅडम आल्या. स्लाइड लावली. एरवी त्यांना एका स्लाइडला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट बसल्या. मी मागे उभी, शाबासकीची वाट बघत.

"ही चरबी आहे?"

हो मॅडम.

"चरबीला विचारलंस?"

म्हणजे?

"चरबीच्या पेशींचा स्टेन मागव. आणि अस्तराच्या पेशींचाही." मग मान न वळवता, "कोणाला सांगितलं नाहीस ना?"

मी सांगितलं की सांगितलंय. त्यांनी स्टेनची चिठ्ठी स्वतःच लिहायला घेतली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी

चरबी नाही.

या स्टेनचा तपकिरी रंग चरबीच्या पेशींवर चढतो. माझी सगळी भोकं कोरी. ती नुसती पोकळी आहे. कडक झालेलं अस्तर स्लाइड करताना आक्रसतं, फाटतं, आणि त्याला चिरा पडतात. मॅडमनी दोन्ही स्लाइड शेजारी लावून दाखवलं. खरी चरबी गोलगोल, कशीही पसरलेली. ह्या चिरा लांबट, सगळ्या एका दिशेने आडव्या, पृष्ठभागाला धरून. आणि पेशीही त्याच दिशेने थरावर थर, शहाण्यासारख्या आपापल्या जागी. एकही खाली उतरलेली नाही. आता दाखवल्यावर इतकं स्पष्ट दिसतं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी चरबी बघितली कारण मला चरबी हवी होती. मी पट्टीकाकांचा लगदा ऐकूनच मायक्रोस्कोपला बसले होते.

सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "वर चल. तूच सांग." बरोबरच आहे.

ताई ऐकत राहिली. "म्हणजे नाहीये?"

म्हटलं, या तुकड्यांत दिसत नाही. नाही असंही म्हणता येत नाही.

"परवापासून होतं, आता माहीत नाही?" तिचा आवाज अजिबात चढला नाही. "काल संध्याकाळभर बाबा मला घरातला पाण्याचा मेन कॉक कुठे आहे, गळायला लागला तर कुठून आवळायचा, ते समजावत बसले होते. त्यांच्यामागे मला जमायला हवं म्हणून."

मला रडू आलं, वॉर्डातच. पट्टीकाका म्हणाले, "अगं, कॉक तर कळला ना तिला. दहा वर्षं सांगतोय, ऐकत नव्हती."

एक गोष्ट इथेच लिहू शकते. रोग निघाला नाही म्हणून मला क्षणभर वाईट वाटलं होतं. काकांचं नाही, माझ्या केसचं. लाज वाटते.

१९ फेब्रुवारी

आज पुन्हा वारं शिरलं! पण या वेळी मी ते मुठीत धरून बसले होते.

सगळ्या विभागांची बैठक होती. छातीवाले सर, आम्ही, फोटोवाले डॉक्टर – सीटीस्कॅन बघतात ते. त्यांनी काकांचा स्कॅन भिंतीवर लावला. उजव्या फुफ्फुसाभोवती जाड साल, सगळीकडून वेढलेली. हृदयाच्या बाजूनेसुद्धा. कुठे कुठे गाठी, सेंटिमीटरच्या वर. "नुसत्या सुजेने सहसा असं होत नाही," ते म्हणाले. "हृदयाकडची बाजू सूज बहुतेक सोडून देते."

सर म्हणाले, मग पॅथॉलॉजी नाही का म्हणतेय?

मॅडम शांतपणे, "आम्ही नाही म्हटलेलं नाही. तुम्ही जे दिलंत त्यात नाही, इतकंच. तुमचा चिमटा वरवर फिरलाय. जिथे सगळ्यात जाड आहे तिथून खोल द्या."

आणि फोटोवाले लगेच म्हणाले, स्कॅन बघत बघत जाड सुई घालतो. पाच मिनिटांत ठरलं! असं भांडण मी कधी पाहिलं नव्हतं – कुणी कुणाला खोटं पाडत नव्हतं, तिघं मिळून एकाच माणसाकडे बघत होते. मला याच धंद्यात मरायचंय!

काकांना सांगायला मीच गेले. पुन्हा टोचणार म्हटल्यावर रागावतील वाटलं होतं. ते म्हणाले, "गळती कुठे आहे ते वरची पट्टी बघून कळत नाही, बाई. सोलावंच लागतं. टोचा."

ताई माझ्याशी बोलली नाही. पण जाताना तिने मला केळं दिलं.

२४ फेब्रुवारी

सुईने घेतले. शेवयांसारखे बारीक, तीन लांब तुकडे. मी वॉर्डात गेले नाही. मुद्दाम. बाटली दुसऱ्या कुणीतरी आणली.

२६ फेब्रुवारी

मॅडमनी आज कमाल केली. सकाळी माझ्यापुढे एक ट्रे ठेवला – आठ स्लाइड, आठ वेगवेगळी माणसं, सगळ्यांच्या नावांवर चिकटपट्टी. कागद त्यांच्या कपाटात. "बस. घाई नाही. प्रत्येकीत काय दिसतं ते सांग. काय आहे ते नंतर."

आठांत काका असतील तर कुठली ते मला माहीत नाही. नसतीलही.

एकीत यकृत, एकीत साधी गाठ, एकीत टीबी. (बिचारं कोण असेल.) पाचवी लावली आणि हात थांबला. गोल भोकं. कशीही पसरलेली. त्यांच्या मधून पेशी – कुठे लांबट, कुठे चौकोनी, गुच्छ करून. "चरबीत घुसल्यात" हे जिभेवर आलं होतं. गिळलं.

म्हटलं, मॅडम, भोकं आहेत. चरबीसारखी दिसतायत. चरबीला विचारायचंय.

मॅडम हसल्या! दात दिसले! रंगारींनी साक्ष दिली की गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

२८ फेब्रुवारी

आधी हे लिहिते, मग जेवण.

पाचव्या स्लाइडचे सगळे स्टेन आले. भोकं तपकिरी – चरबीच आहे. पेशी अस्तराच्याच, अस्तराची ओळख पटवणारे दोन्ही मार्कर रंगलेत. फुफ्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाचे मार्कर कोरे, म्हणजे तो नाही. आणि शेवटचा, माझा लाडका. बॅप-वन नावाचं एक प्रथिन निरोगी पेशीच्या केंद्रकात असतंच, पण मेसोथेलिओमात बऱ्याचदा ते नाहीसं होतं. नुसत्या चिडलेल्या पेशीतून ते जात नाही. स्लाइड लावली. केंद्रकं कोरी! एकूण एक!

पंधरवड्यापूर्वीची मी असते तर तिथेच आरोळी ठोकली असती. मॅडम मागे उभ्या.

"कोरं कशामुळे असू शकतं?"

प्रथिन गेलंय म्हणून. किंवा स्टेनच बिघडलाय म्हणून.

"मग?"

मी स्लाइड सरकवून बाजूच्या रक्तवाहिनीवर गेले. ती रुग्णाचीच, पण निरोगी. तिथल्या पेशी रंगल्या असतील तरच स्टेन खरा. रंगल्या होत्या. गडद, सुबक तपकिरी. शेजारी रंगलेले आणि मधले कोरे.

"बोल."

मेसोथेलिओमा.

मॅडमनी चिकटपट्टी काढली, कपाटातून कागद आणून उलटला. पट्टीकाका.

"बरोबर," त्या म्हणाल्या. मग कपाट बंद करता करता, "छान बघितलंस."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उड्या मारल्या. दोन-तीन. मॅडम म्हणतात, वर्षअखेरीच्या परिषदेत मीच मांडायचं, पहिली चूक धरून. चूक तर नक्कीच! त्या चिरा सगळ्यांनी बघायला हव्यात.

आणि मग पाणी प्यायला थांबले तेव्हा मेन कॉक आठवला. पण आनंद गेला नाही, हेही खरं. दोन्ही एकदम होतं. कसं ते मला लिहिता येत नाही.

२ मार्च

सरांनी काकांना आणि ताईला खोलीत बसवून सांगितलं. मी दाराशी.

ताईने सरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "या वेळी नक्की?"

नक्की. या वेळी काच कुणाची आहे ते माहीत नसताना मी ती पाहिली.

ती बराच वेळ बाबांचा हात चोळत राहिली. मग म्हणाली, "मग सुरू करा ती औषधं. गोळ्यांचे दोन महिने फुकट गेले ते गेले." सरांनी सगळं उलगडून सांगितलं. रोग जाणार नाही. पण औषधांनी लगाम बसू शकतो, पाणी भरायचं थांबवता येतं, जिना चढता येईल. ताईने प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारली आणि सरांनी प्रत्येक गोष्ट पुन्हा सांगितली.

काकांनी एकच विचारलं – कळलं कसं? मग मी सुटले! भोकं, चिरा, तपकिरी, कोरं, शेजारची रक्तवाहिनी. सर घड्याळ बघायला लागले तरी मी थांबेना. काका एकदम रंगात आले. "म्हणजे शेजारचा पाइप गरम आहे का ते बघायचं, मगच हा गार आहे म्हणायचं. बरोबर? मला दाखव ना. माझंच आहे ते, मी नको बघायला?"

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आजवर कुणी मागितलं नव्हतं. आण उद्या. उद्या पट्टीकाका खाली लॅबमध्ये येणार! स्लाइड पुसून ठेवल्यात, खुर्चीही ठरवली.

३ मार्च

आणलं त्यांना. चाकाच्या खुर्चीतून, लिफ्टने तळघरात, आमच्या लांब खोलीत. मी दार उघडलं आणि म्हटलं, या काका, इथे बसतो आम्ही. मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. काकांनी मायक्रोस्कोपकडे पाहिलंच नाही. ते छताकडे बघत होते – भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या जाड पाइपांकडे, फाटून लोंबणाऱ्या पट्ट्यांकडे आणि त्यांतून डोकावणाऱ्या पांढऱ्या लगद्याकडे, रंगारींच्या टेबलाच्या बरोबर वर. "इथे तेव्हा दवाखान्याचे कपडे धुवायचे," म्हणाले. "हे मीच गुंडाळलेत." मग खुर्चीतून उठले, माझा दंड धरला, आणि मला ओढत दाराबाहेर नेलं. दम लागला होता तरी सोडलं नाही.